आमसुलाची परीक्षा

पायाचा अंगठा रातोरात सुजून लाल झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, की गाउटची शंका घ्यावी. रक्तातलं युरिक अॅसिड डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं, तर त्याचे स्फटिक सांध्यात साचू शकतात. हे अॅसिड तयार होतं झँथिन ऑक्सिडेज या विकरामुळे. अॅलोप्युरिनॉलची गोळी त्यालाच आवरते.

मग कोकणातल्या रातांब्याच्या सालीतलं गार्सिनॉल, किंवा तिला लाल रंग देणारी अँथोसायनिनं, हे काम करतील का? परीक्षानळीत पाहणं सोपं: विकर, झँथिन आणि अर्क एकत्र करायचे, २९५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात युरिक अॅसिड किती वेगानं वाढतं ते मोजायचं. गोम अशी, की रंगीत अर्क स्वतःही तो प्रकाश शोषतो. ते वजा केलं नाही तर आकडे फसवतात.

उंदरांची अडचण वेगळी. युरिक अॅसिड मोडणारं युरिकेज त्यांच्याकडे असतं, आपल्याकडे नाही. म्हणून आधी पोटॅशियम ऑक्सोनेट देऊन ते बंद पाडतात. तेव्हा उंदराच्या भरवशावर आपली गोळी सोडू नये. बाटलीतल्या गोड कोकम सरबतावर तर मुळीच नाही: साखरेतलं फ्रुक्टोज युरिक अॅसिड वाढवतं. बिनसाखरेच्या सोलकढीवर निदान हा आरोप नाही.