अक्षय्य कीर्तीचे मोल : होमरच्या महाकाव्यांतील वीर

‘इलियड’ या काव्याचा पहिलाच शब्द ‘क्रोध’ हा आहे. त्यासाठी योजलेला ‘मेनिस’ हा मूळ ग्रीक शब्द होमर प्रायः देवांच्या कोपासाठी वापरतो. येथे मात्र तो अकिलीज या मर्त्य वीराच्या वाट्यास आला आहे. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले अशी कथा आहे. परंतु सुमारे १५,७०० ओळींच्या या काव्यात त्यांपैकी जेमतेम पन्नास दिवसांचा वृत्तांत येतो. हेलनचे अपहरण, लाकडी घोडा, अकिलीजचा मृत्यू, नगराचा पाडाव यांतील काहीही ‘इलियड’मध्ये प्रत्यक्ष घडत नाही. त्या कथा सांगणारी इतर काव्ये ग्रीकांत होती. आज त्यांचे सारांश आणि काही त्रुटित ओळी तेवढ्या उरल्या आहेत. कवीने निवडला तो एका वीराचा रोष आणि त्याचे परिणाम. ही निवड का केली असावी, याचा विचार केल्यास ग्रीक महाकाव्याचे आणि त्यातील वीरकल्पनेचे स्वरूप पुष्कळसे उलगडते.

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. दंडीने लक्षण सांगितलेले सर्गबद्ध महाकाव्य डोळ्यांपुढे ठेवून होमरकडे गेल्यास वाचकाची फसगत होईल. मराठी समीक्षेत आपण ज्याला आर्ष महाकाव्य म्हणतो, त्याच्याशी या काव्यांचे नाते जवळचे आहे. तीच गोष्ट ‘हीरोस’ या शब्दाची. त्याचा अर्थ कथेचा नायक असा नाही. हेसिअडने मानवजातीची पाच युगे सांगितली आहेत; त्यांत कांस्ययुग आणि लोहयुग यांच्या मध्ये तो वीरांचे एक स्वतंत्र युग घालतो व त्या वीरांना अर्धदेव म्हणतो. ते थीब्स व ट्रॉय येथील युद्धांत खपले. म्हणजे श्रोत्यांच्या दृष्टीने ‘हीरोस’ हा आपल्याहून थोर, देवांच्या रक्ताचा, आणि तरीही मृत्यू न चुकलेला असा पूर्वकालीन पुरुष होता.

ही काव्ये लेखणीने रचलेली नसून मौखिक परंपरेतून आली आहेत, हे मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडिताने १९२८ सालापासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या संशोधनात क्रमाक्रमाने दाखवून दिले. अकिलीज बसलेला असला तरी तो ‘शीघ्रपाद’च असतो, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली गलबतेही ‘वेगवान’च म्हटली जातात. ओळीत नावासाठी जेवढी जागा उरेल तेवढ्या मापाचे विशेषण गायकाच्या जिभेवर तयार असे, आणि एका मापासाठी सहसा एकच. १९३३ ते १९३५ या काळात पॅरीने युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांची गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी आव्दो मेजेदोविच या गायकाने सांगितलेले एक काव्य बारा हजारांहून अधिक ओळींचे आहे. पॅरी १९३५ साली अकाली निवर्तला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने हे कार्य पुढे नेऊन १९६० साली ग्रंथरूपाने मांडले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात चाललेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्याशी परिचित असणाऱ्यांस, तोंडी परंपरेचे पाठ किती वाहते असू शकतात हे निराळे सांगावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. होमरच्या वीराचे जीवन दोन गोष्टींभोवती फिरते : ‘तिमे’ म्हणजे मान, आणि ‘क्लेओस’ म्हणजे कीर्ती. मान ही मनातील भावना नव्हे. तो दिसला पाहिजे, मोजता आला पाहिजे. आपल्याकडे मानकऱ्याला मानाचा विडा चुकला तर तो अवमान चारचौघांत होतो. तसाच लुटीतील वाटा हा तेथे मानाचा वाटा असतो. म्हणूनच आगामेम्नॉनने ब्रिसेइस ही युद्धात मिळालेली स्त्री अकिलीजकडून हिरावून घेतली, तेव्हा प्रश्न एका दासीपुरता उरला नाही. कीर्ती ही मानाच्या पलीकडची. ‘क्लेओस’ या शब्दाचे मूळ ‘ऐकणे’ या धातूत आहे. वीराविषयी लोक जे ऐकतात, म्हणजे गायक जे गातो, ती त्याची कीर्ती.

हा व्यवहार बाराव्या सर्गात सार्पेडॉन स्वच्छ शब्दांत मांडतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : लिकियात आपणांस पहिले आसन आणि उत्तम मांस मिळते, तेव्हा आघाडीवर उभे राहणे हे आपले देणे आहे, अजरामर होणे शक्य असते तर मी लढलोही नसतो, पण मृत्यू अटळच असल्यामुळे पुढे चलावे. वीरधर्माची याहून समर्थ मांडणी ग्रीक काव्यात मला आढळली नाही.

परंतु त्याआधीच, नवव्या सर्गात, अकिलीजने हा करार नाकारलेला असतो. आगामेम्नॉनने पाठविलेले दूत सुवर्ण, घोडे, नगरे आणि ब्रिसेइसची परतफेड यांची यादी घेऊन येतात. अकिलीजचे उत्तर असे की शूर आणि भेकड यांचा वाटा अखेर सारखाच असतो. गुरेमेंढरे लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही. आईने त्याला दोन दैवे सांगितली आहेत : येथे राहून लढल्यास घर अंतरेल आणि कीर्ती अक्षय्य होईल, घरी परतल्यास कीर्ती जाईल आणि दीर्घायुष्य लाभेल.

येथील ‘क्लेओस आफ्थिटोन’ हे शब्द संस्कृतच्या अभ्यासकांनी थांबून पाहावेत असे आहेत. वेदांतील ‘श्रवः’ व ‘अक्षित’ यांचे ते अक्षरशः सगोत्र होत, आणि ही गोष्ट आडाल्बर्ट कून याने १८५३ सालीच निदर्शनास आणली होती. हा आद्य भारोपीय काव्यभाषेचा अवशेष की योगायोग, यावर वाद झाला आहे. मला साम्याहून भेद अधिक बोलका वाटतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील नवव्या सूक्तात ऋषी इंद्रापाशी अक्षय कीर्ती मागतो ती गोधनासह आणि पूर्ण आयुष्यासह. तेथे या तिन्ही गोष्टी एकाच ओंजळीत मावतात. अकिलीजला मात्र त्यांतून निवड करावी लागते, आणि त्या क्षणी तरी त्याला कीर्तीचा भाव अधिक वाटत नाही.

मिल्मन पॅरीचा पुत्र अॅडम पॅरी याने १९५६ साली या भाषणाविषयी एक मार्मिक विचार मांडला. परंपरेची भाषा सर्वमान्य मूल्यांच्या उच्चारासाठी घडलेली. त्या मूल्यांवरचा विश्वास उडालेल्या माणसासाठी तिच्यात शब्दच नाहीत. म्हणून अकिलीज उत्तर नसलेले प्रश्न विचारतो आणि पुरी न होणारी मागणी करतो. या मतावर पुढे आक्षेप आले; होमरची भाषा इतकी बंदिस्त नाही, हे त्यांतील तथ्य मानले पाहिजे. तरीही नववा सर्ग वाचताना एक माणूस आपल्या भाषेच्या भिंतींवर धडका देत आहे, हा प्रत्यय टळत नाही.

याच सर्गात एक तपशील सहज निसटून जातो. दूत येतात तेव्हा अकिलीज वीणा वाजवीत वीरांच्या कीर्तिकथा गात असतो. ती वीणा त्याने एइटिऑनच्या नगराच्या लुटीतून घेतलेली. एइटिऑन म्हणजे हेक्टरची पत्नी अँड्रोमकी हिचा पिता. त्याला आणि तिच्या सात भावांना अकिलीजने मारले, हे तिच्याच तोंडून आपण सहाव्या सर्गात ऐकलेले असते. कवी यावर भाष्य करीत नाही.

अकिलीज पुन्हा रणात उतरतो तो पॅट्रोक्लसच्या मृत्यूमुळे. तेथे कीर्तीहून सूडाचा जोर अधिक आहे. शेवटच्या सर्गात वृद्ध प्रायम पुत्राचे प्रेत मागण्यास त्याच्या छावणीत येतो, दोघे आपापल्या दुःखाने रडतात, आणि काव्य शत्रूच्या, हेक्टरच्या, अंत्यसंस्काराशी संपते.

‘ओडिसी’त कीर्ती आणि घर दोन्ही मिळविणारा वीर आहे, आणि ते त्याला मुख्यतः बुद्धीने साधते. त्या काव्याच्या अकराव्या सर्गात मृतलोकात भेटलेला अकिलीज ओडिसियसला सांगतो की, मृतांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीन माणसाकडे मजुरीने राबणे बरे. आणि आठव्या सर्गात फेआकियनांच्या सभेत डेमोडोकस हा अंध गायक ट्रॉयच्या पाडावाचे गीत गातो, ते ओडिसियसच्याच विनंतीवरून आणि त्याच्याच पराक्रमाचे. स्वतःची कीर्ती प्रत्यक्ष कानांनी ऐकण्याचे भाग्य लाभलेला हा वीर ती ऐकून रडू लागतो. आणि त्या रडण्याला कवी उपमा देतो ती नगररक्षणात पडलेल्या पतीला कवटाळून आक्रोश करणाऱ्या, पाठीवर भाल्यांचे टोले खात दास्यात नेल्या जाणाऱ्या स्त्रीची.