कर आहे, खासदार नाही : वॉशिंग्टनच्या रहिवाशांचा प्रश्न

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन कोणत्याही राज्यात मोडत नाही. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ नावाचा तो स्वतंत्र संघीय प्रदेश असून २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ६,८९,५४५ होती, म्हणजे वायोमिंग आणि व्हरमाँट या दोन राज्यांपैकी प्रत्येकाहून अधिक. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, या दोन्ही राज्यांचे सिनेट या वरिष्ठ सभागृहात प्रत्येकी दोन आणि प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहात प्रत्येकी एक सभासद असतो. राजधानीच्या रहिवाशांचे सिनेटमध्ये कोणीच नाही. प्रतिनिधिगृहात ते जो एक ‘डेलिगेट’ निवडून पाठवतात त्याला भाषण करता येते, समितीत बसता येते आणि तेथे मतही देता येते, परंतु विधेयक सभागृहापुढे अंतिम मताला आले की त्याला मताधिकार उरत नाही. हेच लोक संघीय प्राप्तिकर मात्र इतर अमेरिकनांप्रमाणेच भरतात, आणि म्हणून २००० सालापासून तेथील मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाविना करआकारणी’ ही तक्रार सरकारी शिक्क्यानिशी छापली जाऊ लागली.

या व्यवस्थेचे मूळ १७८३ सालच्या एका नामुष्कीत आहे. पगार थकलेल्या सैनिकांनी त्या वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियातील काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला, पेन्सिल्व्हेनियाच्या राज्य सरकारने बंदोबस्ताला फौज देण्याचे टाळले आणि काँग्रेसला शेजारच्या राज्यात, प्रिन्स्टनला, निघून जावे लागले. केंद्रसत्तेने कोणत्याही राज्याच्या मेहरबानीवर राहू नये, हा धडा घेऊन १७८७ च्या राज्यघटनेत दहा मैल लांब व दहा मैल रुंद चौरसाहून मोठा नसलेल्या राजधानी-प्रदेशावर कायदे करण्याचा संपूर्ण अधिकार काँग्रेसकडे देण्यात आला. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांनी त्यासाठी जमीन दिली, आणि पुढची काही वर्षे तेथील रहिवासी आपापल्या मूळ राज्यातच मतदान करीत राहिले; १८०१ मध्ये काँग्रेसने प्रदेशाचा कारभार प्रत्यक्ष हाती घेणारा कायदा केला, तेव्हा त्यांचे ते मत गेले. काँग्रेसचे सभासद ‘राज्यांतील’ जनतेने निवडावेत असे घटना सांगते आणि हा प्रदेश राज्य नाही, या कारणाने २००० साली संघीय न्यायालयानेही रहिवाशांचा दावा फेटाळला. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते : १८४६ मध्ये व्हर्जिनियाचा भाग त्या राज्याला परत करण्यात आला, म्हणजे राजधानीची हद्द आखडता येते, हे काँग्रेसने स्वतःच पूर्वी दाखवून दिले आहे.

घटनेच्या या कलमाइतकाच वर्णद्वेषाचाही या प्रश्नात वाटा आहे. यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये, येथील कृष्णवर्णीय पुरुषांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार मिळाला. परंतु १८७४ मध्ये कर्जबाजारी कारभाराचे कारण पुढे करून काँग्रेसने सर्वांचेच मत काढून घेतले, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या मतांची धास्तीही होती, हे नाकारता येत नाही. त्यानंतर जवळजवळ एक शतक शहराचा कारभार नेमलेल्या तीन आयुक्तांनी पाहिला. १९५० च्या दशकाअखेर वॉशिंग्टन कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर झाले, तेव्हा त्याच्या कारभाराची सूत्रे असलेल्या प्रतिनिधिगृह-समितीचे अध्यक्षपद साउथ कॅरोलिनाच्या जॉन मॅकमिलन यांच्याकडे होते आणि स्वशासनाची विधेयके त्यांच्या समितीत अडकून पडत. अध्यक्षीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळाला आणि तो प्रथम १९६४ मध्ये बजावला गेला. मॅकमिलन १९७२ मध्ये पराभूत झाले आणि पुढच्याच वर्षी ‘होम रूल’ म्हणजे स्थानिक स्वशासनाचा कायदा मंजूर झाला.

हे स्वशासन किती परावलंबी आहे, ते एका कायद्याच्या प्रवासावरून कळते. तेरा सभासदांच्या कौन्सिलने विधेयक संमत केले, महापौरांनी त्यावर सही केली, तरी ते लगेच लागू होत नाही. ते काँग्रेसकडे जाते आणि साधारणतः तीस दिवस, फौजदारी कायदा असल्यास साठ दिवस, थांबते. हे दिवस मोजताना शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि काँग्रेसच्या लांबलेल्या विश्रांतीचा काळ धरला जात नाही, त्यामुळे कागदावरचा एक महिना प्रत्यक्षात कित्येक महिन्यांचा होतो. म्हणून कौन्सिल दोन-तृतीयांश मतांनी नव्वद दिवसांचा ‘आणीबाणी’ कायदा करून वेळ भागवते. ज्या विषयात आणीबाणीचा लवलेशही नाही, तेथेही हाच मार्ग धरावा लागतो. २०१४ मध्ये मतदारांनी गांजा बाळगण्यास जनमताने मुभा दिली, तेव्हा काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात कलम घुसवून त्याच्या विक्रीची व्यवस्था उभारू दिली नाही, आणि २०२३ मध्ये कौन्सिलने वर्षानुवर्षे खपून सुधारलेली फौजदारी संहिता रद्दच केली. राज्यांचे नॅशनल गार्ड हे दल राज्यपालांच्या हाताखाली असते, येथे ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी होम रूल कायद्यातील आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन शहराचे पोलीस दलही तीस दिवसांसाठी आपल्या नियंत्रणाखाली घेतले.

राजधानीवर केंद्राचा वचक हवा, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु त्यासाठी रहिवाशांचे संसदेतील मत काढून घ्यावे लागत नाही, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको : दिल्लीचे पोलीस आणि जमीन केंद्राकडे आहेत, त्यावरून वाद होतच असतात, तरीही दिल्ली लोकसभेत सात आणि राज्यसभेत तीन सभासद पाठवते.

वॉशिंग्टनला असे प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसने १९७८ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत केली होती, पण १९८५ पर्यंत आवश्यक ३८ राज्यांपैकी केवळ १६ राज्यांनी तिला मान्यता दिली. तेव्हापासून चळवळीचा भर पूर्ण राज्यत्वावर आहे, कारण राज्य निर्माण करण्यास साधा कायदा पुरतो. व्हाइट हाउस, कॅपिटॉल आणि भोवतालच्या सरकारी इमारतींचा लहानसा प्रदेश राजधानी म्हणून राखून उरलेल्या भागाचे राज्य करावे, अशी ही योजना आहे. तिच्यात एक खोच आहे : तेविसावी दुरुस्ती रद्द झाली नाही, तर त्या जवळजवळ निर्मनुष्य उरलेल्या प्रदेशाला अध्यक्ष निवडणारी तीन मते तशीच राहतील. ही अडचण सोडवता येण्याजोगी आहे, हे विरोधक मान्य करतातच असे नाही. ते उलट मेरीलँडची संमती लागेल किंवा हा भाग मेरीलँडलाच परत द्यावा, असे सुचवतात. पण खरा अडसर पक्षीय गणिताचा आहे. शहर मोठ्या बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते, त्यामुळे नव्या राज्याच्या सिनेटमधील दोन्ही जागा कोणाकडे जातील हे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि त्या गणितापुढे १७८३ ची भीती आता केवळ निमित्तापुरती उरली आहे.

२०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के मतदारांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय नेत्याच्या स्मरणार्थ ‘वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ’ असे नाव सुचवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० मध्ये २३२ विरुद्ध १८० आणि २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये, जेथे अशा विधेयकावरील चर्चा थांबवण्यासाठी शंभरपैकी साठ मते लागतात, दोन्ही वेळा त्यावर मतदान झाले नाही.