अद्भुतरम्य कादंबरी आणि तरुण वाचक

अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीं तरुण मुलें बिघडतात, हा आक्षेप फार जुना आहे. परंतु या कथांची घडण नीट पाहिली, तर त्याचा जोर ओसरतो. इतिहास, अद्भुत आणि प्रणय हे त्यांतील तीन धागे होत. १८६८ सालच्या रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’मध्यें अद्भुत व प्रणय यांचेंच राज्य आहे, १८७१ सालच्या गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’नें कथेस शिवकालाची भूमि दिली. १९१३ सालीं नाथमाधवांची ‘वीरधवल’ निघाली आणि तिनें तरुणांस अक्षरशः वेड लावलें. गतकालाच्या आधारानें कथा खरी वाटते, अद्भुतानें संकट भव्य होतें, आणि प्रेम नायकाला त्या संकटास सामोरें जाण्याचें कारण पुरवितें. एक धागा तुटला, कीं वस्त्र विरलेंच.

सिंहगडावर शिकारीस गेले असतां कड्यावरून पडून नाथमाधवांचें कमरेखालील अंग कायमचें लुळें पडलें होतें. अंथरुणास खिळलेल्या या लेखकानेंच तरुणांच्या कल्पनेला पाय दिले. अशा कल्पनेस रिकामपणाचा चाळा कोण म्हणेल? मुलाच्या हातचें असें पुस्तक हिसकावण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं तें एकवार स्वतः वाचून पाहावें, हेंच इष्ट.