रुग्णांनीच तपासलेलं औषध

एएलएसमध्ये स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बरं करणारं औषध नाही. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने लिथियममुळे आजार मंदावतो असं सांगितलं आणि अनेक रुग्णांनी वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. ‘पेशंट्सलाइकमी’ या अमेरिकी संकेतस्थळावर ते डोस नोंदवत; शिवाय गिळणं, लिहिणं, जिना चढणं किती जमतं, तेही. ‘मला गुण आला’ या ऐकीव गोष्टींपेक्षा ही चिकाटी मोलाची. संशोधकांनी लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना आजाराची चाल तशीच असलेल्या, पण ते न घेणाऱ्यांशी केली. फायदा दिसला नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीची सर याला नाहीच. पण तशा चाचण्यांतूनही लिथियमचा उपयोग सिद्ध झाला नाही.