पिरॅमिडची रोजकीर्द

इजिप्तमधील गिझा येथे खुफू राजाचा महापिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपासून उभा आहे. मूळ उंची सुमारे १४६ मीटर आणि दगड अंदाजे २३ लाख. बांधकाम २० वर्षे चालले असे मानल्यास दररोज ३१५ दगड बसवावे लागतात; म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर दोन मिनिटांस एक! हा हिशोब मांडला की, ‘हे साधले कसे?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने सुमारे दोन हजार वर्षांनंतर ऐकीव माहिती नोंदवली. त्याच्या मते एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत आणि लाकडी यंत्रांच्या साहाय्याने दगड पायरीपायरीने वर चढवीत. पुढे चाबकाच्या धाकाखाली राबणाऱ्या गुलामांचे चित्र रूढ झाले. अभ्यासकांपैकी कोणी सरळ उताराचा कल्पिला, कोणी पिरॅमिडभोवती वळसे घेणारा; फ्रेंच वास्तुविशारद जाँ-पिएर उदँ यांनी तर आतून फिरत जाणाऱ्या उताराची कल्पना मांडली. कोणी परग्रहवासीयांनाही श्रेय देऊन टाकले.

या तर्कांच्या गर्दीत २०१३ साली एक साधा कागद बोलू लागला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल्-जर्फ या प्राचीन बंदरात पिएर ताले यांच्या पथकास पपायरसचे तुकडे सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. त्यांत ना राजस्तुती, ना मंत्र. आहे ती मेरेर नावाच्या मुकादमाची रोजकीर्द!

सुमारे ४० जणांची तुकडी घेऊन मेरेर नाईलच्या पूर्वेकडील तुरा येथील खाणीतून पांढरा चुनखडक नावेत भरी आणि कालव्यांच्या वाटेने गिझाला पोहोचवी. आज कोठे माल भरला, रात्री मुक्काम कोठे झाला, हे त्याने दिवसागणिक लिहिले आहे. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. सोबतच्या कागदांत शिधासामग्रीचे तक्ते आहेत: येणे किती, जमा किती, बाकी किती. आपल्या पेढीवरील कोणाही मुनिमास हे रकाने परके वाटणार नाहीत.

गिझाजवळच्या उत्खननात कामगारांची वसाहत आणि भटारखाने सापडले आहेत. पिरॅमिडच्या सान्निध्यात कामगारांच्या कबरीही आहेत. गुलामांना असा मान कोण देईल? शिधा घेऊन काम करणाऱ्या संघटित तुकड्यांचे चित्र त्यातून स्पष्ट होते.

दगड नेमके वर कसे चढले, हे मात्र मेरेर सांगत नाही. तो वाहतुकीचा माणूस. दुसऱ्याच्या खात्यातील नोंद त्याने केली नाही. हातनुब येथील खाणीत २०१८ साली खुफूकालीन तीव्र उतार, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि खांबांची भोके आढळली. दोर खांबांना गुंडाळून ओढण्याची युक्ती तेव्हा ज्ञात असावी, असे त्यावरून दिसते. महापिरॅमिडवर तीच वापरली, याचा पुरावा अद्याप नाही.

राजाने आपले नाव अमर करण्यासाठी डोंगराएवढे दगड रचले. पण त्या कष्टांची साक्ष अखेर एका मुकादमाने रोजच्या रोज लिहिलेल्या चार ओळींनी दिली. चोख ठेवलेल्या नोंदीचे मोल याहून अधिक ते काय असावे!