‘सिंहासन’मधला कट नेमका कोणाचा?

नाशिकमध्ये रविवारी मिसळीच्या टेबलावर राजकारण निघालं की कोणीतरी ‘सिंहासन’चं नाव काढतंच. “हे सगळं जब्बार पटेलांनी १९७९ लाच दाखवून ठेवलंय!” २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीनंतर हे ऐकू आलं, २०२२ ला सुरत-गुवाहाटी झाली तेव्हा ऐकू आलं आणि २ जुलै २०२३ ला येवल्याचे आमदार छगन भुजबळ अजित पवारांबरोबर शपथ घेताना दिसले तेव्हाही. २०२२ मध्ये तर दादा भुसे, सुहास कांदे हे आपल्याच जिल्ह्यातले आमदार एकनाथ शिंदेंच्या बंडात होते, आणि योगायोग असा की चित्रपटातल्या मुख्यमंत्र्यांचं आडनावही शिंदेच. मग काय, चर्चेला ऊतच.

या कौतुकात एक गोची आहे. चित्रपट भविष्य सांगून गेला असं म्हटलं की तो नीट पाहायची गरजच उरत नाही. प्रत्यक्षात ‘सिंहासन’ हे भविष्य नव्हतं, वार्तांकन होतं. अरुण साधू हाडाचे पत्रकार. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. मंत्रालयाच्या जिन्यात, आमदार निवासात, वर्तमानपत्राच्या कचेरीत जे रोज कानावर पडत होतं, तेच पडद्यावर आलं.

गोष्ट सुरू होते एका निनावी फोनने. तुमचं सरकार पाडायचा कट शिजतोय, एवढंच पलीकडचा माणूस सांगतो. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांच्या डोक्यात किडा शिरतो. संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्याकडे वळते. मग कोण कोणाला भेटला, कोणाच्या गाडीत कोण बसला, याचा हिशेब सुरू होतो. कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) संपाचं हत्यार परजून आहे, तस्करांचे हात वरपर्यंत पोचलेत. या सगळ्यांमध्ये हिंडतोय पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले.

ज्येष्ठ प्रेक्षकांना यात हमखास कोडं सोडवायचं असतं. जिवाजीराव म्हणजे कोण? दाभाडे म्हणजे कोण? डिकास्टा पाहताना अनेकांना जॉर्ज फर्नांडिस आठवतात, आणि मनमाडच्या रेल्वे कॉलनीत मे १९७४ चा संप पाहिलेल्या माणसाला ते आठवणारच. त्यातून काळही तसाच. ‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ ची. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि ३७ वर्षांचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. (त्या पडलेल्या सरकारात उपमुख्यमंत्री होते नासिकराव तिरपुडे. नाव आपल्या गावाचं, माणूस भंडाऱ्याकडचा.) पवारांच्याच कारकिर्दीत या चित्रपटाला सरकारी इमारतींत चित्रीकरणाची परवानगी मिळाली. सरकार पाडून आलेल्या मुख्यमंत्र्याने सरकार पाडापाडीच्या चित्रपटाला दारं उघडावीत, यात मोठेपणा किती आणि आत्मविश्वास किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

कॉलेजातल्या मुलांची तक्रार वेगळीच. थरार कुठे आहे? पिस्तूल नाही, पाठलाग नाही, माणसं नुसती बोलतात. शिवाय पात्रं इतकी की पहिला अर्धा तास कोण कुठल्या गटाचा तेच कळत नाही. ही तक्रार मी झटकून टाकणार नाही. दोन कादंबऱ्यांचा सांधा काही ठिकाणी उघडा पडलाय आणि बायकांच्या वाट्याला पुरुषांच्या हिशेबात अडकण्यापलीकडे फारसं काही आलेलं नाही.

पण थरार नाही, हे मात्र पटत नाही. कट म्हटलं की आपल्या नाशिककरांच्या डोळ्यांपुढे २१ डिसेंबर १९०९ ची विजयानंद थिएटरमधली रात्र येते. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आलेला, अनंत कान्हेरेंनी झाडलेल्या गोळ्या, आणि एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना झालेली फाशी. त्या कटात शपथ होती, ठरलेला दिवस होता, मोजलेली किंमत होती. ‘सिंहासन’मध्ये यातलं काहीच नाही. सूत्रधार शोधायला जावं तर प्रत्येकाच्याच हातात थोडं थोडं सूत्र. मुख्यमंत्रीसुद्धा बळी नव्हेत, तेही तितकेच मुरलेले. किंमत मोजतो तो भलताच कोणी, ज्याला या खेळाचा पत्ताही नाही.

‘सिंहासन’च्याच दशकात अमेरिकेत वॉटरगेट झालं, निक्सनना ऑगस्ट १९७४ मध्ये जावं लागलं आणि १९७६ ला ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ आला. त्यात दोन वार्ताहर धागा धरून थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचतात आणि टाइपरायटर जिंकतो. आपल्या दिगूला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. सगळे पुढारी त्याला विश्वासात घेतात, पोटातलं सांगतात. तरीही त्याच्या माहितीने कोणाचं काही बिघडत नाही. शेवटी भर रस्त्यात त्याचं भान सुटतं, तो वेड्यासारखा हसत सुटतो. १९७९ च्या प्रेक्षकाला हा शेवट किती बोचला असेल याचा अंदाज निळू फुल्यांच्या आधीच्या भूमिकांवरून येतो. पडद्यावर ते दिसले की बायाबापड्या बोटं मोडायच्या. चारच वर्षांपूर्वी ‘सामना’त सत्ता त्यांच्याकडे होती आणि मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत हिंडणारे मास्तर होते लागू. ‘सिंहासन’मध्ये जब्बार पटेलांनी पट फिरवला. प्रश्न फुल्यांकडे, खुर्चीची हाव लागूंकडे.

या अदलाबदलीत फुले काय करतात ते बारकाईने बघण्यासारखं आहे. समोरचा मंत्री बोलत असतो आणि दिगू ऐकतो. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर येऊ न दिलेलं हसू. संवाद जवळपास नाही. समोरचा खोटं बोलतोय हे त्याला कळलंय, आपल्याला कळलंय आणि बोलणाऱ्यालाही कळलंय. तरी संभाषण शिष्टाचाराने पुढे चालू. माझ्या मते मराठी चित्रपटात याहून मोठा थरार अजून कोणी उभा केलेला नाही.

उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘सिंहासन’ला मिळाला. पण आज तो अनेकांनी मोबाइलवरच्या तुकड्यांतच पाहिलेला असतो, आणि त्या तुकड्यांत नेमका दिगूच गाळलेला असतो, कारण तो टाळ्यांची वाक्यं बोलत नाही. तेव्हा पुढच्या वेळी सरकार डळमळायची वाट न पाहता, एखाद्या शांत आठवड्यात तो अथपासून इतिपर्यंत बघा. आजच्या कोणत्या पुढाऱ्याचा चेहरा कोणाला बसतो, तो खेळ नंतर मिसळीवर खेळता येईल.