ठोका दिसेपर्यंतचा आठवडा

कारेगावात रांजणगाव एमआयडीसीतील कामासाठी आलेल्या अनेक जोडप्यांचे सासर-माहेर दूर असते. सहाव्या आठवड्यात रक्ताचा डाग दिसला, सोनोग्राफीत ठोका आढळला नाही आणि डॉक्टरांनी 'आठवड्याने या' म्हटले, तर ती टाळाटाळ समजू नका. बीज उशिरा फलित झाले असल्यास गर्भ तारखेच्या हिशेबापेक्षा लहान असतो. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटरचा होऊनही ठोका नसेल, तर गर्भपाताचे निदान पक्के मानतात. तोवर पिशवी रिकामी करण्याची घाई नको. जिना, ओझे यांवरून सुनेला बोल तर मुळीच लावू नका. बऱ्याचदा कारण गुणसूत्रांतील दोष असते. मात्र एका बाजूला तीव्र पोटदुखी, खांदेदुखी, भोवळ किंवा तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव असेल, तर आठवडा सोडा, सकाळचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा.